दहापैकी किती?

मराठीत वेदनेला एक नाव नाही. दात ठणकतो, गळू ठसठसते, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो, जखम चुरचुरते. या शब्दांची अदलाबदल जाणता मराठी भाषक सहसा करीत नाही. अर्थच्छटा शिकवताना आम्ही दोघे वर्गात हाच दाखला देतो. या छटांना शरीरातही आधार आहे, हे मात्र घरच्या एका आजारपणाने आम्हांला दाखवून दिले.

तव्याला बोट लागले की आधी चटका बसतो, मागाहून आग सुरू होते. चटक्याचा निरोप वेगवान चेतातंतू नेतात. आगीचा निरोप नेणारे तंतू संथ, सेकंदाला सुमारे एक मीटर चालीचे. पुढे सूज आली की तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये बनवतात, चेतातंतूंची टोके हळवी होतात आणि ठणका लागतो. अ‍ॅस्पिरिन या द्रव्यांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. गोळीला दुखरा दात ठाऊक नसतो. ती रक्तातून सर्वांगभर फिरते.

आमच्या आईंना नागीण झाली. फोड सुकले, वेदना मात्र उरली. नेहमीच्या गोळ्यांनी ती हटेना. डॉक्टरांनी विचारले, "दहापैकी किती दुखतं?" आई म्हणाल्या, "दुखत नाही हो, आग होते. पदर लागला तरी सोसत नाही. मधूनच सणक जाते." ते ऐकून डॉक्टरांनी औषध बदलले. ही वेदना इजा झालेल्या चेतातंतूंचीच होती. तेथे सूज उतरवणाऱ्या गोळीचा फारसा उपयोग नसतो. तंतूंची अतिउत्तेजना शमवणारी औषधे लागतात.

आकडा वेदनेची तीव्रता सांगतो, जात सांगत नाही. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत म्हणूनच वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावलेले आहेत.

आमचे विद्यार्थी हल्ली सरसकट 'पेन होतंय' म्हणतात. भाषाशुद्धीच्या आग्रहापोटी आम्ही हे लिहीत नाही. आईंजवळ 'आग' आणि 'सणक' हे शब्द होते, म्हणून त्यांना नेमके औषध मिळाले. ज्याच्याजवळ एकच शब्द उरेल, त्याने डॉक्टरांना काय सांगावे?