कुसळ

दिवाळीच्या आधी घरातली अंथरुणं-पांघरुणं उन्हात पडतात, तशी यंदा तात्यांची घोंगडीही गच्चीवर टाकली. संध्याकाळी घडी घालताना बोटाला टोचलं. काठाच्या विणीत एक कुसळ रुतून बसलं होतं, टोक काळसर, शेपूट पिळलेलं. तात्या २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. ते दिवस कोरोनाचे होते, स्मशानात आम्हा पाचजणांनाच जाता आलं. ज्या माणसाच्या जीपमधून अख्खा तालुका फिरला, त्याच्यामागे चालायला पाच माणसं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. बारामती-इंदापूर रस्त्यावर त्यांची वडापची जीप होती. काटेवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी. नऊ जणांच्या जागेत सोळा माणसं, टपावर भाजीच्या पाट्या, मागं फळीवर लटकलेली पोरं. त्या रस्त्याला नीरा डाव्या कालव्याचं पाणी आहे, त्यामुळं दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाचा ओलसर वास. पण तात्यांचं मन त्या हिरवाईत कधी रमलं नाही. वर्षातून दोन-तीनदा, धंदा थंड असला की ते जीप धुऊन काढायचे आणि आम्हा पोरांना म्हणायचे, "चला, रानात जाऊ."

रान म्हणजे माळ. मुख्य रस्ता सोडून कडबनवाडीच्या बाजूला आत शिरलं की ऊस मागं राहतो, मग ज्वारी, मग तीही संपते. उरतं ते गवत. मधूनच एखादी बोर, हिवर, खुरटी बाभूळ. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस आणि हातभर खाली मुरूम, तिथं याहून दाट काय उगवणार? शाळेत आम्हाला जंगल म्हणून शिकवलं ते ताडोबाचं, कोयनेचं. सातबारावर आमच्या माळाला शब्द होता 'पडीक'. देशाच्या नकाशातही असे माळ 'पडीक जमीन' म्हणूनच रंगवलेले असतात. या शब्दानं जितकं रान खाल्लं, तितकं कुऱ्हाडीनं खाल्लं नसेल.

१९९४ साली मी सातवीत होतो. दिवाळी चार दिवसांवर आली होती, मेंढरं अजून कोकणात उतरायची होती. आमच्या ओळखीच्या एका धनगराचा वाडा माळावर पडला होता आणि तात्यांनी त्यांच्यासाठी बाजारातून मीठ, तेल आणि बाजरी नेली होती. त्या रात्री आम्ही तिथंच राहिलो. तंबू वगैरे काही नाही. जाळीच्या आत मेंढरं, बाहेर कुत्री, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी, मिरचीचा खर्डा आणि शेळीच्या दुधाचा चहा. जीपच्या आडोशाला आम्ही दोघं एका घोंगडीवर. उगवतीला कृत्तिकांचा झुबका वर आला होता. मध्यरात्री कुत्री एकदम उठली, मेंढरं एका अंगाला सरकली. म्हातारा धनगर उठून बसला, जाळीभोवती फिरून आला आणि परत आडवा झाला. लांडगा होता. "त्याचा बी वाटा हाय," एवढंच तो म्हणाला. मी मात्र पहाटेपर्यंत तात्यांचं मनगट सोडलं नाही.

सकाळी दव पडलेलं. माझ्या मोज्यांत, पायजम्यात कुसळंच कुसळं. मी रडकुंडीला येऊन एकेक उपसत होतो. तात्यांनी त्यातलं एक उचललं, तळहातावर ठेवलं आणि बोटानं त्यावर दवाचा थेंब सोडला. थोड्या वेळानं ते कुसळ हललं. पिळलेलं शेपूट सावकाश उलगडत, गोल फिरत गेलं. तात्या म्हणाले, "दवानं ओलं झालं की ह्याचा पीळ सुटतो, उन्हानं वाळलं की परत बसतो. असं फिरत फिरत बी स्वतःच जमिनीत घुसतं. ह्याला ना नांगर लागतो, ना पेरणारा." तळहातावरचं ते कुसळ माझ्या डोळ्यांपुढून आजही हललेलं नाही. चौथी शिकलेल्या माणसानं मला त्या क्षणी जे दाखवलं, ते पुढं कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊनही कुणी दाखवलं नाही.

परतताना उतारावर त्यांनी इंजिन बंद केलं. जीप नुसती घरंगळत होती, टायरखाली गवताची सळसळ. समोर, शंभर पावलांवर चिंकारा. नर होता, शिंगांवर वळ्या, काळी शेपटी सारखी हलत होती. तो थांबला, शिंकल्यासारखा आवाज केला आणि पिवळ्या गवतात असा विरघळला की तिथं काही होतं याची खूणही उरली नाही. चिंकारा कित्येक दिवस पाण्यावाचून काढतो, झाडपाल्यातल्या ओलाव्यावर जगतो. कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण दिलंय. त्याच्यासाठी १९९७ साली बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झालं, मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव दिलेलं. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. तात्यांना हे वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं तेव्हा ते खूश झाले, मग गप्प झाले. "बाकीच्या माळाचं काय?" म्हणाले.

बाकीच्या माळाचं जे झालं, त्यात माझाही हात आहे. दहावीत असताना शाळेनं वृक्षारोपण काढलं आणि रोपं वाहायला तात्यांची जीप मी मागून आणली. उंदीरमारीची रोपं, भराभर वाढणारी. माळ आडवा कापत चर खणलेले, त्यांच्या कडेनं आम्ही दोनशे खड्डे भरले, फोटो काढले. येताना तात्या बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "पोरांनो, तुम्ही चांगल्या मनानं लावली. पण हितं उघड्यावर राहणाऱ्यांनी आता जायचं कुठं?" तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता कळतं. धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. चिंकारा आपल्या नजरेवर आणि पायांवर जगतो, त्याला झाडांची भिंत नको असते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या ससाणे रात्री गवतातच उतरतात. गवत आणि मेंढरं गेली की लांडग्याला उरतात ती गावकुसाची भटकी कुत्री आणि त्यांचे रोग. आम्ही लावलेली झाडं बहुतेक जगली. त्यांच्याखाली पवन्या गवत उगवत नाही.

वडाप बंद पडली, जीप भंगारात गेली. तात्या मग मोटारसायकलवर मागं बसून माझ्याबरोबर यायचे. एका उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप खाली गेलं होतं, तेव्हा पळसदेवचं बुडालेलं देऊळ बघायला गेलो. चिखल वाळून भेगाळलेला, शिखर उघडं पडलेलं. धरणासाठी गावं उठली, ती माणसं त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. देवळाला हात लावून ते म्हणाले, "पाणी वसरलं की हे दिसतं तरी. माळ गेला की दिसायचा नाही." तो आमचा शेवटचा फेरा.

आता कडबनवाडीला आणि शिर्सुफळला वनखात्यानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. गावातलीच पोरं वाटाडे आहेत. मागच्या हिवाळ्यात लेकीला घेऊन गेलो. आमच्या वाटाड्यानं, विशी-बाविशीचा असेल, ठरलेली वाट सोडून गाडी एक फूटही गवतात घातली नाही. चिंकारा दिसले, पाच. लेकीनं दुर्बीण खाली ठेवली आणि विचारलं, "बाबा, मग ह्याला पडीक का म्हणतात?" त्या पोरानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. उत्तर द्यायला तात्या हवे होते.

त्यांच्या वतीनं मी एवढंच मागतो. पुढच्या पावसाळ्यात कुणी तुम्हाला माळावर झाडं लावायला बोलावलं, तर रोपं घेऊन आपल्या अंगणात, बांधावर, रस्त्याच्या कडेला लावा. माळाला गवतच राहू द्या.