बुधवार पेठेच्या हद्दीत

चि. स्वातीस,

पोलीस म्हणून तुझी नेमणूक बुधवार पेठेच्या हद्दीत झाल्याचं कळलं. तुझी आई काळजीत आहे, मला मात्र बरं वाटलं. कोर्टात मी तिथल्या वेश्याव्यवसायाचे खटले वर्षानुवर्षं चालवले, म्हणून चार ओळी लिहिते.

तुमच्याकडे सगळे ज्याला 'पिटा' म्हणतात, तो १९५६चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा एकदा मुळातून वाच. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं हा धंदा करणं त्यात गुन्हा नाही. गुन्हे आहेत ते तिच्या अवतीभवतीचे. दोघींनी मिळून खोली घेऊन धंदा केला, की व्याख्येप्रमाणे तो कुंटणखाना. आता बघ, एक आत असली की दुसरी उंबऱ्याशी बसते. गिऱ्हाईक दारू पिऊन अंगावर आलं तर हीच दार बडवते, चार माणसं गोळा करते. कायद्यानं नेमका हा पहाराच मोडला. खिडकीत बसून खुणावलं तर कलम ८. मग बोलणी होतात अंधारात, घाईघाईत, माणूस धड न पारखता. तिच्या कमाईवर जगणारी सज्ञान माणसं कलम ४ मध्ये अडकतात, म्हातारी आईसुद्धा. आणि मार खाऊन ठाण्यात यावं, तर पत्ता सांगताच खोलीवर धाड येईल, मालक बाहेर काढील, ही धास्ती. मारणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

सर्वोच्च न्यायालयातलं बुद्धदेव कर्मास्कर प्रकरण १९९९ साली कोलकात्यात झालेल्या अशाच एका बाईच्या खुनातून उभं राहिलं. १९ मे २०२२च्या आदेशात न्यायालयानं पोलिसांना बजावलं: धाडीत स्वखुशीनं धंदा करणाऱ्या बाईला अटक करू नका, तिला त्रास देऊ नका, निरोध सापडले म्हणून ते पुरावा धरू नका, अत्याचार झाला असेल तर तिला तातडीनं उपचार मिळवून द्या. आदेशाची प्रत टेबलाच्या खणात ठेव. कायद्याची कलमं मात्र अजून तशीच आहेत. ती बदलणं तुझ्या हातात नाही, वापरताना तारतम्य ठेवणं आहे.

अल्पवयीन पोर किंवा फसवून आणलेली बाई असेल, तिथं धाड घालच. गय करू नकोस. पण कुणी डोकं फुटून दारात आली, तर धंदा विचारू नकोस. आधी दवाखाना, मग लगेच एफआयआर.

तुझी,
आत्या