गेवराईचे दोन फड

“गेवराईला पाहण्यासारखे काय आहे हो?” असे घरातून निघताना सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा मी बॅगेचे कुलूप बघण्यात गुंतल्याचे सोंग केले. खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नव्हते. गेवराई हे आपल्यासारख्यांच्या लेखी वाटेवरचे गाव. तुळजापूरला निघालेली मंडळी तिथे चहा पितात आणि पुढे जातात. मला तिथल्या एका महाविद्यालयात व्याख्यान द्यायचे होते, म्हणून मी उतरणार होतो, एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षीची, म्हणजे २०२४ ची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या एसटीत बसले, की पाचोड मागे पडते, शहागडला गोदावरीचा लांबलचक पूल लागतो आणि नदी ओलांडली की बीड जिल्ह्याची हद्द सुरू होते. दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडे फुटली होती. काळ्या रानावर कुणी मूठमूठ चुरमुरे उधळावेत तसे दिसत होते.

माझे यजमान तिथेच मराठी शिकवतात. रात्री जेवताना ते म्हणाले, “सर, तुम्ही मुंबईचे. आमच्या वर्गातल्या पोरांचा बँड ऐकाच. मेटल का काय म्हणतात ते. अंडरग्राऊंड आहे म्हणे, भूमिगत.”

यजमानांचे वडील आप्पा नव्वदीच्या घरात आहेत. ते भाकरी कुस्करता कुस्करता थांबले. “भूमिगत? आता कुणाच्या विरुद्ध?”

आम्ही हसलो. पण आप्पांचे काही चुकले नव्हते. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्यांच्या लहानपणी भूमिगत माणूस म्हणजे रात्री मागच्या दाराने येऊन भाकरी मागणारा माणूस. हे भूमिगत म्हणजे रेडिओवर न लागणारे, लग्नात कुणी सहसा न बोलावणारे संगीत, असे मी त्यांना समजावले. “म्हणजे कुणी ऐकत नाही ते,” आप्पा म्हणाले. इतकी नेमकी व्याख्या मला करता आली नसती.

ज्यांच्या घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे, त्या वाचकांना मेटल म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांनी पत्र्याच्या छपरावर गारा पडत आहेत आणि आत कुणी तरी जिवाच्या आकांताने ओरडत आहे, अशी कल्पना करावी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये हा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला. पाच पोरे होती. कुणाची तरी जुनी गिटार, लाऊडस्पीकरवाल्याकडून मागून आणलेला ॲम्प्लिफायर, एक ताशा आणि एक हलगी. हलगीवाला पोरगा एकोणीस वर्षांचा, काडीसारखा. अंगात कवटीचे चित्र असलेला काळा सदरा. एका हातात टिपरू, दुसऱ्यात बारीक कामटी. त्याने हलगी शेकली, कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारली आणि मग जो कडकडाट सुरू केला, त्यापुढे गिटार बिचारी सासुरवाशिणीसारखी कोपऱ्यात उभी राहिली. मला ते संगीत कळले असे म्हणत नाही. पण छातीत कळले.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी हे मोबाईलवर पाहून सुरू केले. गणपतीची एक मिरवणूक झाली. दोन लग्नांत पैसे मिळाले. तिसऱ्या लग्नात नवरदेवाच्या मामांनी अर्ध्यावर थांबवले, पण पैसे पूर्ण दिले. वैभवाचा काळ म्हणतात तो हाच.

“आता पुढचा कार्यक्रम कधी?” मी विचारले.

“आता बंद, सर. फड लागला.”

मी मराठीचा मास्तर. फड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तमाशाचा तंबू उभा राहिला. पोरगा हसला. “तो नव्हं. उसाचा.”

मग माझ्या ध्यानात आले. आपली भाषा मोठी विलक्षण आहे. वाजवणाऱ्यांच्या संचालाही ती फड म्हणते आणि तोडणीला आलेल्या उसालाही फडच म्हणते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी माणसांचे लोंढे निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कुणी सोलापूरकडे, कुणी कर्नाटकात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. माणसे मोजायची ती अवजाराच्या नावाने. एक दिवस अंग मोडून पडले, की खाडा धरून पैसे कापतात. ह्या पोराच्या वडिलांचा गुडघा गेला होता. आईचा कोयता अर्धा राहू नये म्हणून तो परवा निघणार होता. म्हणजे एका फडाने दुसरा फड मोडला होता.

“सर, मुंबईतसुद्धा असले बँड असतील ना? त्यांचं काय होतं?”

मग मी त्यांना ‘रॉक मशीन’ची हकिगत सांगितली. माझे बालपण गिरगावात गेले. धोबीतलावला रंगभवन नावाचे उघडे नाट्यगृह होते, तिथे १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा मेळा भरू लागला. तिकिटाला पैसे नसत, तेव्हा आम्ही पोरे भिंतीबाहेर उभे राहून ऐकत असू. ‘रॉक मशीन’ ही मंडळी १९८४ साली मुंबईत एकत्र आली. गिटारवर महेश टिनईकर, पुढे गायला उदय बेनेगल. आरंभी परदेशी बँडांची गाणी वाजवत, मग स्वतःची रचू लागले. पहिली ध्वनिमुद्रिका १९८८ ची, दुसरी १९९० ची. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. हिंदुस्थानातली पोरे इंग्रजीत स्वतःचे गाणे करतात आणि ते दूरचित्रवाणीवर दिसते, याचे आम्हांला कोण अप्रूप! पण हळूहळू त्या वाहिन्या हिंदी गाण्यांकडे वळल्या आणि १९९७ मध्ये बँड मोडला. बेनेगल न्यूयॉर्कला गेले. पुन्हा एकत्र आले ते २०१० साली, आणि तेही सगळे नव्हेत. ढोलाला आणि बास गिटारला नवी माणसे होती. २०१२ मध्ये त्यांनी नवी ध्वनिमुद्रिका काढली.

“तेरा वर्षं!” पोरगा म्हणाला. “मग आमचं बरंय की. आमचे सहाच महिने.”

सगळे हसले. निघताना आणखी एक गोष्ट मी ऐटीत सांगून टाकली. वर्गात ती नेहमी रंगते. इंग्लंडात बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे गाव. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके गेली, आणि तीही गिटारच्या तारा दाबणाऱ्या हाताची. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर चामडे लावले. तारा बोटांना सोसेनात म्हणून हलक्या लावल्या, पुढे सैलही केल्या, आणि त्यातून जो जड, खोल आवाज निघाला, त्यातून ‘ब्लॅक सॅबथ’ आणि तुमचे सगळे मेटल जन्माला आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खुशीत झोपलो.

सकाळी यजमानांनी मला गोदाकाठी शनीच्या राक्षसभुवनला नेले. भाविक शनीला तेल घालत होते. मी मात्र नदीकडे पाहत बसलो. १० ऑगस्ट १७६३ ला इथे पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. त्याच्या आदल्याच वर्षी काका राघोबादादा निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून गेले होते. तेच काका इथे पुतण्याबरोबर लढले. माधवराव तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. पुढे दोघांचे पुन्हा फाटले, ही गोष्ट वेगळी. मला वाटले, मोठ्यांची फूट इतिहासात जाते, कारण तिला भांडण असते. जिनिंगच्या शेडमधल्या पाच पोरांत तर भांडणही झाले नव्हते. फक्त ऊस उभा होता.

यंदा एप्रिलमध्ये तोंडी परीक्षेच्या निमित्ताने मी पुन्हा गेवराईला गेलो. ऊन असे, की डांबराला पाय चिकटत होते. संध्याकाळी शेडवर गेलो. पाचांतले चार जमले होते. ताशावाला पुण्याला एका गोदामात कामाला लागला होता. त्याच्या जागी एक शाळकरी पोरगा होता, ताल चुकला की जीभ चावणारा. म्हणजे इथेही पुनर्मिलन झाले ते नवा माणूस घेऊनच.

हलगीवाला बोलला नाही. त्याने हलगी शेकली, टिपरू घेतले आणि डावा हात पुढे केला, तेव्हा मला दिसले. तर्जनीचे टोक नव्हते. पहाटे अंधारात तोडताना कोयता लागला होता. कामटी त्याने उरलेल्या बोटाला चिंधीने आवळून बांधली होती. दहा मिनिटे तो वाजवत होता. कडकडाट पूर्वीइतका लखलखीत नव्हता. कामटीचा ठोका किंचित मागून पडे, जरा जड पडे, आणि बाकीचे तिघे त्याच्यासाठी थांबायला शिकले होते.

वाजवून झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. चिंधी सैल झाली होती.

“सर, तो साहेब चामडं कशानं चिकटवायचा हो?”

मला उत्तर येत नव्हते. ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली होती, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पडायचे कारणही नव्हते, माझी बोटे शाबूत आहेत. वर्गात ती गोष्ट मी अजून सांगतो. पूर्वीसारखी रंगवून मात्र सांगता येत नाही.

जुलैत त्याने मला मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये ‘ब्लॅक सॅबथ’चे मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले होते. गायक ऑझी ऑस्बोर्न यांना उभे राहवत नव्हते. त्यांनी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गाणी म्हटली. सतरा दिवसांनी, २२ जुलैला ते वारले. पोराने खाली एवढेच लिहिले होते : “सर, त्या बोटाकडं बघा.”

हा अंक आपल्या हाती पडेल, तेव्हा आपल्या घरी फराळाची ताटे मांडली असतील आणि गेवराईच्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टरमध्ये भांडी, अंथरुणे आणि शेळ्या चढत असतील. उचल फिटलेली नाही, म्हणून तो यंदाही जाणार आहे. हलगी मात्र नेणार नाही. उसाच्या दहिवरात तिचे चामडे सैल पडते. ती त्याने यजमानांकडे ठेवली आहे, अधूनमधून ऊन दाखवा, एवढे सांगून. यजमान विसरतील. पण आप्पा विसरत नाहीत. दर रविवारी ते हलगी अंगणात उन्हाला लावतात, खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि मधूनच टिचकी मारून चामडे ताणले आहे ना, ते पाहतात, असे यजमानांचे पत्र आहे.