पळाले का नाहीत?

गेल्या वर्षी मैदानात पोरं मोजली, तर अडतीस भरली. पट एकोणचाळीसचा. पुन्हा मोजली, तरी अडतीसच. मॉक ड्रिलची घंटा होऊन तीन मिनिटं झाली होती आणि प्रिन्सिपल मॅडम घड्याळाकडे बघत उभ्या होत्या.

एकोणचाळिसावा वरच सापडला. ड्रिलसाठी कॉरिडॉरच्या टोकाला पत्र्याच्या डब्यात ओला पाचोळा पेटवून धूर केला होता. हा त्या डब्यासमोर उकिडवा बसून आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतत होता. घाई अजिबात नाही, बारीक धार धरून. वर्गातल्या आणखी तीन बाटल्या त्यानं शेजारी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. मला पाहून म्हणाला, "मैम, मैं भागा नहीं."

खरं सांगते, आधी मला भीती वाटली नाही, अभिमान वाटला. आदल्याच दिवशी मी गोष्ट सांगितली होती आणि ती एवढी मुरली होती. भीती आली ती जिना उतरताना, त्याचा ओला हात माझ्या हातात होता तेव्हा.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी गिरगावातून गाझियाबादला आले, त्याला चोवीस वर्षं झाली. त्यातली तेवीस दुसरीच्या वर्गात गेली. दर एप्रिलला, नवी पोरं अजून पहिलीतल्या बाईंचंच नाव घेत असतात तेव्हा, मी त्यांना माझ्या मुंबईची आग सांगते. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह. १४ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून आमचा सप्ताह एक दिवस उशिरा सुरू होतो. चित्रकला स्पर्धा होते, त्यातली निम्मी चित्रं आयांनी काढलेली असतात. पाहुणे येतात, लाल फुगे फुटतात. पण सप्ताह १४लाच का सुरू होतो, हे कुणी विचारत नाही.

तो दिवस १९४४ सालचा, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलेलं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, आणि सोन्याच्या विटा. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता. बंब आले, पाणी सुरू झालं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, चार चौतीसला दुसरा. हादऱ्याची नोंद पार सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. 'जलपद्मा' नावाचं अख्खं जहाज उडून धक्क्यावरच्या शेडवर जाऊन बसलं. मांडवी आणि मसजिद बंदराकडे पेटत्या कापसाचा पाऊस पडला. ऐंशी हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली. मेलेल्यांचा आकडा शेकड्यांत. त्यांत बंबवाले सहासष्ट.

यातलं काय सांगायचं आणि काय गिळायचं, ते मला आता हाताच्या सवयीनं कळतं. कापूस सांगणं सोपं. इकडे हिवाळ्यात घरोघरी रजाई असते, आतली रुई प्रत्येकानं बोटानं उपसून पाहिलेली असते. ती आतल्या आत कशी धुमसते, हे सांगायला मी फार वर्षं झगडले. मग एका पोरीनंच सोडवलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर दिसतो. २१ एप्रिल २०२४ला तो पेटला, त्यानंतर आम्ही खिडक्या लावून शिकवत होतो. पोरगी म्हणाली, "मैम, पहाड़ जैसा. ऊपर धुआँ, आग अंदर." तेव्हापासून माझ्या जहाजात तो डोंगर असतो.

पाण्याचंही जमतं. नऊशे टनांहून जास्त पाणी ओतलं, तरी आग हाती लागली नाही. आग नेमकी कुठे आहे तेच धुरात दिसत नव्हतं. ऐकताना पोरं ओठ घट्ट मिटून बसतात.

अडतं ते पुढे. तेवीस वर्षांत असा एक वर्ग गेला नाही, ज्यात कुणी ना कुणी विचारलं नाही: "वो भागे क्यों नहीं?"

पहिली काही वर्षं मी म्हणायचे, ते त्यांचं काम होतं. एका वर्षी एक पोरगा म्हणाला, माझे पप्पा गार्ड आहेत, चोर आला तर पळून जाईन म्हणालेत, मम्मीनंच सांगितलंय. वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण त्याची मम्मी बरोबर होती. मग मी म्हणायला लागले, त्यांना ठाऊक नव्हतं. हे सोयीचं आहे, पण खोटं. पोटात काय आहे ते कप्तानाला ठाऊक होतं. जहाज तिथेच बुडवावं की ओढून बाहेर न्यावं यावर काठावर वाद चालला होता आणि तो मिटेपर्यंत वेळ निघून गेली. मोठ्यांच्या अशा घोळाला सात वर्षांच्या मुलासमोर काय म्हणायचं? शेवटी मी शूर या शब्दावर आले आणि तिथेच घर केलं. शूर म्हटलं की वर्ग गप्प होतो. त्या गप्पपणाची मला चटक लागली.

आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याच पोरांना शिकवते: घंटा झाली की सगळं टाकायचं, बाटली नाही, दप्तर नाही, मागे वळायचं नाही, बाहेर. एका दिवशी न पळणाऱ्यांची पूजा, दुसऱ्या दिवशी निघून जाण्याची कवायत. यात काही विसंगत आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या पोराच्या आलं. त्यानं दोन्ही धडे शेजारी ठेवून पाहिले आणि जो जास्त चांगला सांगितला होता तो निवडला.

माझा 'धडाम' शाळेत प्रसिद्ध आहे, हे इथे कबूल करायला हवं. आवाज खाली खाली नेत, चार वाजून पाच मिनिटांवर पूर्ण थांबायचं. एखादं पोर कुजबुजेपर्यंत थांबायचं. मग टेबलावर तळहात. शेजारच्या वर्गातल्या बाई दरवर्षी दचकतात आणि मी दरवर्षी माफी मागते, मनातून खूश होत. सहासष्टांना मी किती वर्षं या एका तळहातासाठी वापरलं, ते मोजायला नको.

त्या शेजारच्या बाई तरुण आहेत, हुशार आहेत. त्या १६६६ची लंडनची आग शिकवतात, स्मार्टबोर्डावर. पुडिंग लेनमधली बेकरी, पोरांनी केलेली पुठ्ठ्याची घरं, आणि आपलं चीज बागेत पुरून ठेवणारे रोजनिशीवाले पीप्ससाहेब. पोरं खूश, पालक त्याहून खूश. मी तोंडानं कौतुक करते. पण ती आग लहान मुलांना सांगणं सोपंच आहे. तेरा हजारांवर घरं जळाली, पण नोंदलेले मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिवाय विनोदाला चीज. आमच्याकडे चीजच्या जागी सोन्याची वीट आहे, उडून दूरच्या एका घरात येऊन पडलेली. वीट सांगितली की वर्ग ताब्यात येतो आणि माणसं हातची जातात. संध्याकाळी घरी पोरं फक्त वीट सांगतात. म्हणून मी ती बंद केली. म्हणजे, बहुतेक वर्षी बंद ठेवते.

आणि १९९७चं दिल्लीतलं 'उपहार' चित्रपटगृह? तिथल्या आगीत एकोणसाठ माणसं गेली. ते इथून तासाभरावर आहे. ते मी कधीच सांगितलेलं नाही. लांबचं अंतर आणि पन्नासाहून जास्त वर्षं मध्ये असली की माझी जीभ सैल सुटते.

त्या ड्रिलनंतर मुलाची आई आली. भांडायला येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मैम, आपकी कहानी घर पर रोज़ सुनाता है।" मी थँक्यू म्हटलं. अजून मला त्या थँक्यूची लाज वाटते.

यंदा ठरवलं, गोष्ट पळालेल्यांची करायची. माझी आजी तेव्हा गिरगावात चाळीत राहायची. चार वाजता स्टोव्हवर दूध होतं. तावदानं थडथडली, फळीवरची भांडी खाली आली, कुणीतरी ओरडलं की जपान आला. आजीनं मामाला काखोटीला मारलं आणि अनवाणी जिना उतरली. अर्ध्या तासानं दुसरा आवाज झाला तेव्हा ती रस्त्यावर होती. परत आली तर घराला काही झालेलं नव्हतं, दूध तेवढं करपून पातेल्याला लागलं होतं. आजी हे हसत सांगायची, आणि सांगताना ओशाळायची. पळाले गं मी, म्हणायची. ते ओशाळणं कशाचं होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तिनंही आयुष्यभर न पळणाऱ्यांचीच गोष्ट ऐकली होती.

तर मी आजीपासून सुरुवात केली. चाळ म्हणजे काय ते सांगितलं, स्टोव्ह सांगितला, जिना सांगितला. पाचव्या मिनिटाला मागची रांग पेन्सिलींना टोक काढायला लागली. एकीनं विचारलं, "मैम, दूध का क्या हुआ?" तेवढाच काय तो प्रश्न. मी नेटानं सांगत राहिले. आपण इतकं रटाळ सांगू शकतो, याची मला कल्पना नव्हती.

तेवढ्यात दारात तो. आता तिसरीत आहे, तिसरीच्या बाईंचं रजिस्टर घेऊन आला होता. रजिस्टर टेबलावर ठेवलं, पण गेला नाही. चौकटीला टेकून थोडा वेळ ऐकलं आणि हळूच विचारलं, "मैम, जहाज़ अभी नहीं आया?"

पेन्सिली थांबल्या. एकेचाळीस माना वर झाल्या. "कौन-सा जहाज़?"

आजी जिन्यावर राहिली. मी उठले, आवाज खाली नेला, कापूस, डोंगर, पाणी, सगळं जागच्या जागी येत गेलं. चार वाजून पाच मिनिटांवर थांबले. कुणीतरी कुजबुजलं. तळहात टेबलावर आपटला. शेजारच्या बाई दचकल्याच असतील. दारातला मात्र दचकला नाही. त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, आणि सहासष्ट हा आकडा माझ्याआधी त्याच्या तोंडून आला.

दुसऱ्या दिवशी ड्रिलला एकेचाळीस भरली. तिसरीची रांग शेजारीच उभी होती. त्यांच्या बाईंना न विचारता मी तीही मोजली.