चार्ज: काही टिपणे

भिलाईत कुणी ‘बॅटरी चार्ज केली’ म्हणालं की आधी विचारावं, कुठली? मोबाइलची असेल तर वीज, कोक ओव्हनची असेल तर कोळसा. पोलाद कारखान्यात कोळसा भाजून कोक बनवणाऱ्या भट्ट्यांची सलग रांग असते, तिलाही बॅटरीच म्हणतात. माथ्यावरच्या रुळांवरून चार्जिंग कार फिरते आणि एकेका भट्टीत बारीक केलेला कोळसा ओतते.

०

‘चार्ज’च्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ गाडीत माल लादणे. मग माणसावर काम लादलं की तो इनचार्ज, गुन्हा लादला की चार्जशीट, पैसे लादले की सर्व्हिस चार्ज. लाठीचार्ज या हिशेबात सरळ बसत नाही. त्यापेक्षा आपला लाठीमार बरा, काय झालं ते तरी लपवत नाही.

०

भिलाईतली पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दल्ली-राजहराचं लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि कोक हा तिचा चार्ज. तो वरून थराथराने पडतो. आत गेलेल्या त्या मालाला इंग्रजीत बर्डन म्हणतात, म्हणजे पुन्हा ओझंच. समानार्थी शब्द शोधायला इथे कोश उघडावा लागत नाही.

०

चार्ज मिळाला: बढती. चार्जशीट मिळाली: झोप गेली. मधल्या पायरीवर चार्जमन.

०

‘लाइन चार्ज आहे.’ तारेला हात लावू नका, एवढाच अर्थ. इथे पर्यायी शब्द सुचवत बसू नये.

०

गंमत म्हणजे चार्ज झालेल्या मोबाइलच्या बॅटरीत एकूण विद्युतभार वाढलेला नसतोच. रासायनिक क्रियेतून ऊर्जा साठते, धन-ऋणाची बेरीज होती तेवढीच राहते. शब्द मात्र चिकटला तो चिकटला.

०

मराठीने ‘भार’ जवळजवळ त्याच वाटेने नेला आहे: पदभार, प्रभारी, अधिभार, विद्युतभार. शिवाय मांत्रिक पाणी भारतो आणि सभेतलं वातावरण भारलेलं असतं. त्यालाही इंग्रजीत चार्ज्डच म्हणतील. वीजबिलावर मात्र आपण भार टाकून ‘आकार’ घेतला. महावितरणच्या बिलातला ‘स्थिर आकार’ वाचून मला अजूनही भूमितीची वही आठवते. रक्कम कळल्यावर भूमिती संपते.

०

परीक्षेच्या पुस्तकांत चार्जपुढे फिल, अक्यूज, अटॅक, बिल अशी माळ छापलेली असते. यातला एकही शब्द दुसऱ्याचा समानार्थी नाही. भट्टीवर आरोप ठेवता येत नाही आणि आरोपीत कोळसा भरता येत नाही. कुणावर, कशात, कशासाठी हे कळल्याशिवाय चार्जला अर्थच येत नाही. मुलांकडून याद्या पाठ करून घेणाऱ्या मास्तरांना एवढीच विनंती: प्रत्येक अर्थापुढे एक अख्खं वाक्य लिहून द्या.