बॅग भरताना...

केनियाला निघायला चार दिवस राहिलेत आणि बॅग अजून भरतेच आहे. लायकिपियाच्या पठारावर दोन आठवडे ग्रेव्ही झेब्र्यांच्या कामाला स्वयंसेवक म्हणून चाललोय. यलो फीव्हरची लस मात्र वेळेत घेतली. ती दहा दिवसांनी लागू होते, आणि कार्ड नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर अडवतात!

आईने सवयीने चकल्या, चपला, औषधं सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलं. म्हटलं, "अगं, केनियात २०१७ पासून या पिशव्यांवर बंदी आहे." मग सगळं सोडून डब्यांत आणि उशीच्या जुन्या अभ्र्यांत. ते करताना ती सहज म्हणाली, "तिथल्या लोकांना झेब्रे मोजता येत नाहीत का रे?"

उत्तर सुचेना. तिकिटाचे पैसेच पाठवले असते तर? रात्रभर हाच किडा डोक्यात.

सकाळी बॅग पुन्हा उपसली. भारी बूट, दोन जीन्स बाहेर. लॅपटॉप, हार्ड डिस्क आत. जंगलातलं मला काही येत नाही. पण प्रत्येक झेब्र्याचे पट्टे वेगळे असतात, त्यावरूनच तो ओळखतात. हजारो फोटो बघत बसायचं काम आहे, आणि स्क्रीनसमोर बसायची मला सवय आहे. आईला हे सांगितलं.

"मग चष्म्याचा दुसरा जोड घे," ती म्हणाली.

तो यादीत नव्हताच.