नदी शेजारी, तरी नदीला जायचंय

आज पिकाचं नाही, सुट्टीचं लिहितोय. तेही कामच झालंय.

आमच्या मांजरीला मुळा-मुठा रानाला लागून. आण्णांनी मला याच नदीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवलं. परवा नातीला बांधावर घेऊन गेलो तर नाक धरून म्हणाली, "आजोबा, सगळ्या नद्यांना असाच वास येतो का?" आण्णा शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "एकदा पाण्यात पाय सोडून बसायचंय रे."

मग कुठं जायचं? सौ. म्हणाली थेऊरला. पण चिंतामणीच्या तिन्ही बाजूंनी हीच नदी. तुळापूरचा संगम छान, पण तिथं येणारी इंद्रायणी आळंदीत कशी फेसाळते ते आपण बघतोच. शेवटी ठरलं गुंजवणी. नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला, म्हणजे आताचा राजगड तालुका. गाडीनं दोन तास धरायचे.

रविवार नको. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल पडला तो रविवारच्या गर्दीतच. बुधवार धरलाय. मंगळवारी कोथिंबीर काढून बाजारात टाकायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी काढणी नाही. या आठवड्यात लाइट रात्रीची, त्यामुळं दिवसा मोटरीचं काम नाही. अंधारायच्या आत परत येऊन दारं धरायची. गुरांचं पुतण्या बघतो म्हणालाय. (मागच्या वेळी म्हणाला होता आणि झोपला होता.) भाकरी, भरीत, ठेचा घरून. धरणातून पाणी सुटणार आहे का हे गावात विचारल्याशिवाय कोणी उतरायचं नाही.

दोन स्वच्छ बाटल्या घेतोय. एकीत गुंजवणीचं पाणी, एकीत आपल्या नदीचं. दोन्हींचा ईसी मोजून इथं टाकतो. २.२५ च्या पुढं गेला की ते पाणी साधारणपणे ओलिताला नको म्हणतात. पण ईसी फक्त क्षार सांगतो. मैलापाण्यातले जंतू, जड धातू त्यात दिसत नाहीत, त्याला प्रयोगशाळाच. आमच्याकडं जलपर्णी एवढी माजते तीही त्या मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावरच, फुटव्हॉल्व्ह साफ करून हात दुखतात. पालेभाजी मी हल्ली विहिरीवर घेतो, नदीचं पाणी उसालाच. पण विहीरही नदीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं मनातनं शंका काही जात नाही.

नातीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. बुधवारी ती स्वतःच बघेल.

नसरापूर-वेल्हे बाजूचं कोणी वाचत असेल तर एवढं सांगा: ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला धरून उतरवता येईल असा सपाट काठ कुठं आहे, आणि गाडी कितपत जवळ जाते?